उजव्या चौकटीतलं स्थळ

नांदेडला कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर एक मित्र बसायचा. त्याच्याशी माझी एक पैज लागली होती. वेबसाइट बनवताना फ्रेम्स वापरणं कधी तरी फायद्याचं असतं का, एवढीच. तो म्हणायचा, कधीच नाही. मी म्हणायचे, असतं. खरं सांगायचं तर फ्रेम्सवर माझं काडीचंही प्रेम नव्हतं, पण 'कधीच नाही' म्हणताना तो अशी काही मान हलवायचा की मला उलटं बोलावंसंच वाटायचं. हरणाऱ्यानं एसटीनं दुसऱ्याच्या गावी जायचं आणि बसस्टँडसमोर पोटभर मिरची भजी खाऊ घालायची, असं ठरलं होतं. पुढं मीच नांदेडला जाऊन त्याला भजी खाऊ घातली. आपण जिंकलो असं तो आजही समजतो आणि मी त्याला तसं समजू देते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आता फ्रेम्स कुणी वापरत नाही, पण मोबाइलवर इंटरनेट यायच्या आधी त्यांची चांगली चलती होती. स्क्रीनचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं पान उघडायचं. कप्प्यांचं ताट असतं ना, तसंच. वरच्या कप्प्यात नाव, डावीकडं यादी, उजवीकडं मजकूर. यादीतल्या एखाद्या ओळीवर टिचकी मारली की उजवीकडचं तेवढं बदलायचं, बाकीचं जागचं हलायचं नाही. इंटरनेट फोनच्या वायरीतून ठिबकत यायचं, त्या काळात वरचं चित्र पुन्हा पुन्हा ओढावं लागायचं नाही ही मोठी सोय होती. माझा मुद्दा तो होता.

मित्राकडं मात्र तक्रारींची मोठी यादी होती आणि ती तो न कंटाळता ई-मेलनं पाठवायचा. पान छापायला गेलं की भलताच तुकडा छापून येतो. प्रत्येक तुकड्याला वेगळी सरकपट्टी, त्यामुळं खाली आणखी काही आहे हे माणसाला कळतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आत कुठंही हिंडा, वरच्या पट्टीतला पत्ता बदलत नाही. तो पत्ता उचलून दुसऱ्याला पाठवला की त्याच्याकडं आपलं पहिलंच पान उघडतं. मी उत्तर पाठवलं होतं, "लातुरात कोण कुणाला पत्ता पाठवायलंय?" आपण फार चुरचुरीत बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं.

शिक्षण संपवून मी लातूरला घरी आले आणि अप्पांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, दुकान मागितलं. वेबसाइट बनवून देण्याचं दुकान. अप्पांची बाजारात आडत होती. शेतकऱ्याची तूर, हरभरा, सोयाबीन त्यांच्या ओट्यावर उतरायचं आणि पुढं डाळमिलवाल्याला जायचं. अप्पा कमी बोलायचे आणि कशावरही पटकन विश्वास ठेवायचे नाहीत. पोत्याच्या तोंडाशी कितीही टपोरी तूर दिसू दे, ते बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळाचे दाणे वर काढून बघायचे. वरवरचं बघून त्यांनी कधी माल घेतला नाही.

मलाही त्यांनी तसंच तपासलं. "ह्या दुकानात विकायचं काय?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "ते हातात घेता येतंय का?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "एक वर्स. एका वर्सात चाललं तर चाललं. न्हाई तर दुकान बंद आन मग स्थळं बघायची. तेव्हा तोंड वाकडं करायचं न्हाई." आईनं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच 'हो म्हण' सांगितलं. मी हो म्हटलं.

आडतीच्या मागं पोती ठेवायची एक खोली होती, ती मला मिळाली. एक कॉम्प्युटर, एक माझी खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. सहा महिने त्या स्टुलावर मांजराशिवाय कुणी बसलं नाही. तरी मला ती खोली अशी काही आवडायची की सकाळी कुलूप काढताना उगीचच हसू यायचं. लोकांना हे सांगितलं असतं तर येडी म्हणाले असते, म्हणून सांगत नव्हते.

पहिलं खरं काम काकांनी आणलं. काका म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ, आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे सचिव. लातूर, उदगीर, औसा, निलंगा, या सगळ्या पट्ट्यातली उपवर मुलं-मुली त्यांच्या एका रजिस्टरात होती. रजिस्टर उघडायचं ते काकांनीच. डाव्या पानावर क्रमांक आणि नावं, उजव्या पानावर माहिती. पाहुण्यानं बोट दाखवायचं, पान काकांनी उलटायचं. कुणी स्वतःच्या हातानं उलटायला गेलं की काका त्याच्या हातावर हात ठेवून म्हणायचे, "थांबा, दमानं." त्यांच्या मते निम्मी लग्नं त्या दमानं शब्दावर जुळलेली होती.

"मला असंच्या असं पायजे," काका माझ्या स्टुलावर बसून म्हणाले. "डावीकडं नावं, उजवीकडं माहिती. आन वर नंदीचं चित्र, मंडळाचं नाव आन माझा फेट्यातला फोटो. माणूस आत कुठंबी जाऊ दे, वरचं हालायचं न्हाई. हाललं तर मंडळ हाय कशाला?"

म्हणजे काकांना नकळत फ्रेम्सच हव्या होत्या. मी आनंदानं कामाला लागले. मित्राला कळवलंसुद्धा, बघ, एका मोठ्या संस्थेनं फ्रेम्सच मागितल्या आहेत. संस्था म्हणजे काका, हे कळवलं नाही.

तीन आठवड्यांत सगळं उभं राहिलं. एकच अडचण होती. वेबसाइट उघडली की उजवा तुकडा पांढरा दिसायचा, कारण अजून कुणाच्या नावावर टिचकी मारलेली नसायची. काका ते बघून उठूनच उभे राहिले. "उघडल्या उघडल्या कोरं पान? लगनाच्या कामात कोरं पांढरं? काय तरी भर त्याच्यात."

मी म्हटलं, नमुना अर्ज टाकते, म्हणजे लोकांना आपली माहिती कशी लिहायची ते कळेल. काका म्हणाले, ब्येस. आणि मग माझ्या अंगात आलं. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, स्टुलावर मांजर. नमुना म्हणून मी माझीच माहिती भरली. फोटो माझाच लावला, कारण कॉम्प्युटरात दुसरा कुठला नव्हता. पत्ता आणि फोन दुकानाचा दिला, तेवढीच जाहिरात. वर सगळं सरळ लिहिलं: उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण अभियांत्रिकी, स्वतःचा व्यवसाय. खाली मात्र हात सुटला.

'रंग: उजेडावर अवलंबून. स्वयंपाक: वरण-भात येतो, भाकरीचा नकाशा होतो. अपेक्षा: मुलाला स्वतःचा चहा स्वतः करता यावा. दुकान लातुरातच राहील, ज्याला लातूर जमत नसेल त्यानं पेट्रोल जाळू नये. वडील: आडत व्यापारी, बाहेरून कडक. त्यांनी दुकानाला एक वर्षाची मुदत दिली आहे. हे दुकान मला फार आवडतं, तेवढं त्यांना सांगायचं राहून गेलं आहे.' आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'हा फक्त नमुना आहे.'

शेवटच्या दोन ओळी गमतीत आल्या नव्हत्या. पण आल्या, राहू दिल्या. खऱ्या उद्घाटनाआधी बदलू असं ठरवलं होतं. काकांनी दुसऱ्याच दिवशी मुहूर्त चांगला आहे म्हणून नारळ फोडला.

आठवड्याभरात दुकानातला फोन वाजायला लागला. मला वाटलं, गिऱ्हाईक. पलीकडून बाईचा आवाज, "मुलीला बघायला कधी यावं?" मी म्हटलं, कोणत्या मुलीला? "इंजिनिअर हाय ना, ती." मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दोन आले, तिसऱ्या दिवशी तीन. मग उदगीरहून एक कुटुंब सरळ दुकानात येऊन उभं राहिलं. वडील, आई, आत्या आणि पाठीमागं स्वतः मुलगा. त्यांची तेलाची गिरणी होती. आत्या स्टुलावर बसल्या, मांजराला खाली ढकलून, आणि मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "कोणत्या शाळंत शिकवतीस गं?"

"शाळेत नाही शिकवत मी."

"मंग ते शिक्षिका लिवलंय ते?" त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर क्रमांक बारा लिहिला होता. बारा नंबरची मुलगी निलंग्याची, हायस्कूलवर शिक्षिका. तिचा आणि माझा काही संबंध नव्हता.

आत्या आपल्या भावाला काहीतरी कानडीत बोलल्या, सगळ्यांनी माझ्याकडं पुन्हा एकदा बघितलं, आणि आत्यांनी निकाल दिला. "आसू दे. हीबी चांगली हाय." मुलगा तेवढ्या वेळात एक शब्द बोलला नाही. निघताना त्यानं कॉम्प्युटरकडं बघून फक्त विचारलं, "ह्याच्यात गेम हाय का?"

ते गेल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. काय झालं ते मला मिनिटात कळलं, कारण नांदेडच्या त्या शहाण्यानं ते लिहूनच पाठवलं होतं. लोक इंटरनेट कॅफेत जायचे, बारा नंबर उघडून बघायचे, आवडली की वरच्या पट्टीतला पत्ता उतरवून सोलापूरच्या मावशीला नाहीतर पुण्याच्या भावाला पाठवायचे. पत्ता सगळ्यांचा एकच. मावशीकडं काय उघडायचं? मी. पाच नंबर पाठवा, मी. तीस नंबर पाठवा, मी. कॅफेतल्या बुटक्या स्क्रीनवर उजव्या तुकड्यात फोटो, पत्ता, फोन, उंची आणि शिक्षण एवढंच दिसायचं. खाली सरकवून भाकरीच्या नकाशापर्यंत कुणी पोचतच नव्हतं, तर 'नमुना' कुठून वाचणार! लातुरात कोण कुणाला पत्ता पाठवतंय, या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर स्टुलावर बसून गेलं होतं.

आता माझी मोठी पंचाईत झाली. वर्ष संपायला दोन महिने राहिले होते. मंडळाची वेबसाइट हे माझं एकमेव दाखवण्यासारखं काम होतं. ती सदोष आहे असं कबूल केलं तर दुकान अप्पांच्या परीक्षेत नापास. गप्प बसले तर उदगीरची तेलगिरणी गळ्यात. तिकडून घरी निरोप आला होताच आणि अप्पांनी सोमवारपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं होतं. त्या आठवड्यात मी मित्राच्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही. पहिली युक्ती म्हणून मी नमुना बदलायला निघाले होते, पण मग लक्षात आलं, नमुन्याच्या जागी कुणालाही बसवलं तरी बाकीच्या साऱ्या मुली मागंच राहणार. चूक फोटोत नव्हती, पूर्ण बांधणीत होती. मग मी ते काम उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्यावर. माझ्या भित्रेपणाची मला अजून लाज वाटते.

शनिवारी निलंग्याहून एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दारातच थांबून म्हणाले, "ताई, मंडळाची वेबसाइट तुमीच केलीय न्हवं?" ते बारा नंबरच्या मुलीचे वडील होते. मी त्यांना स्टूल दिलं. त्यांनी पिशवीतून कागद काढले. मुलीची माहिती छापायला ते तीन वेळा कॅफेत गेले होते. तिन्ही वेळा नंदीचं चित्र आणि फेट्यातले काका छापून आले होते.

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण ते हसत नव्हते.

"कागदाचं जाऊ द्या," ते म्हणाले. "मी सोलापूरला, गुलबर्ग्याला पावण्यांना पत्ता पाठवला. ते म्हणाले, तुमची पोरगी शिक्षिका म्हणता आन हितं तर इंजिनिअर दिसायलीय. फोटो येगळा, शिक्षण येगळं. मी लबाड हाय असं वाटायलंय त्यांना. दोन ठिकाणी बोलणं मोडलं." कागद पिशवीत परत ठेवत ते म्हणाले, "पोरगी म्हणती, बाबा, जाऊ द्या, माझ्यातच काय तरी कमी आसंल. तिच्यात काय कमी हाय, ताई?"

तिच्यात काहीच कमी नव्हतं. कमी माझ्यात होतं. आठवडाभर सगळं कळून मी दुकान वाचवत बसले होते आणि तिकडं निलंग्यात एक मुलगी आरशात बघून स्वतःतली खोट शोधत होती. मी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेले.

तिथं काका होते आणि अप्पाही होते. उदगीरकरांना काय कळवायचं त्याची चर्चा चालली होती, हे मला पायरीवरच ऐकू आलं. मी आत गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते. "वेबसाइटमध्ये चूक आहे. माझी चूक आहे. कुणाचाही पत्ता पाठवला तरी समोरच्याला मीच दिसते. यांच्या मुलीची दोन स्थळं त्यामुळं मोडली. उदगीरवालेही यांच्याच मुलीला बघायला आले होते, मला नाही."

काकांचा चेहरा फेट्याशिवायही फेट्यासारखा लाल झाला. "आन हे आता सांगायलीस? समदा समाज मला फोन करायलाय, आन मी म्हणायलोय, चांगली पोरगी हाय, घरचीच हाय!"

"काका, ते उजव्या बाजूचं नमुन्याचं पान आहे. तुम्हीच म्हणालात, कोरं नको."

"मी कोरं नको म्हणलो, तुला बस म्हणलो का तिथं?"

निलंग्याच्या गृहस्थांनी मध्येच विचारलं, "मंग आता माझ्या पोरीचं दिसंल का?" मी म्हटलं, चार दिवस द्या. सगळी बांधणी मोडते, प्रत्येक मुलीला तिचा स्वतःचा पत्ता देते, आणि गुलबर्ग्याच्या पाहुण्यांना मी स्वतः फोन करून माझी चूक सांगते. ते मान हलवून खुर्चीत टेकले. काका अजून धुसफुसत होते.

अप्पा म्हणाले, "दाखव."

काकांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. मी वेबसाइट उघडली. वर नंदी, डावीकडं नावं, उजवीकडं मी. अप्पांनी चष्मा लावला आणि बराच वेळ फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "खाली काय हाय?"

"काही नाही, अप्पा. गंमत आहे."

"खाली जायचं कसं?"

आजवर इतक्या पाहुण्यांपैकी हे कुणीही विचारलं नव्हतं. मी सरकपट्टी दाखवली. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला, तोसुद्धा मूठ वळून, आणि हळूहळू खाली गेले. रंगाच्या ओळीला त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. चहाच्या ओळीला त्यांनी काकांकडं बघितलं. त्याच्या पुढच्या ओळी ते फार सावकाश वाचत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी होते.

मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर हे सगळं.

अप्पांनी चष्मा काढला. काकांना म्हणाले, "उदगीरला न्हाई म्हणून कळव." मग माझ्याकडं न बघता स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे मुदतीचं लिवलंय न्हवं, तेवढं काढून टाक. बाकीचं ऱ्हाऊ दे."

मी तिथंच बसून ते पान दुरुस्त केलं. डोळे भरून आल्यामुळं दोनदा चुकलं. फोनच्या लाइनीवरून नवं पान चढायला वेळ लागत होता. शेवटी मी वेबसाइट पुन्हा उघडली आणि म्हटलं, "काढलं, अप्पा."

"हाव," ते म्हणाले. पण त्यांनी पुन्हा चष्मा लावला, बाही जराशी वर सारली, माऊस मुठीत धरला आणि ती ओळ खरंच गेली का ते बघायला सावकाश तळापर्यंत गेले.